लॅथम काउंटीचं पहिलं थडगं

स्मिर्ना, लॅथम काउंटी, नेब्रास्का
मका खुडून झाल्यानंतरचा रविवार

तीर्थस्वरूप लोविनाताईस,

धाकट्या ऑर्फाचा, गुडघ्यांना झेपेल तेवढं वाकून, नमस्कार. डीकन भावोजींची पाठ आता कशी आहे? टर्पेंटाइन चोळून घेतात, की अजून प्रार्थनेवरच भागवतात? (दोन्ही करावं. देवालाही जरा हातभार लागतो.) मुलांना पापे. तुझ्या सासूबाईंना नमस्कार, त्यांना ऐकू गेला तर. इकडे मी खुशाल आहे, गाय खुशाल आहे, आणि मागच्या महिन्यात छपरातून चुलीजवळ एक साप पडला तोही खुशाल निघून गेला. तुझं पत्र पोचलं. ‘त्या ओसाड माळावर विधवा बाईमाणसानं एकटीनं काय करायचं? मुकाट्यानं ओहायोला परत ये’ असं तू पुन्हा लिहिलंस. तर ताई, तो ओसाड माळ आता राहिला नाही. त्याची काउंटी झाली आहे, आणि तिच्या कचेरीचं ठाणं आमचं स्मिर्ना. आम्हाला न्यायाधीश आहे, शेरीफ आहे, शाईच्या दौतीसकट कारकून आहे. गुन्हेगार तेवढा मिळायचा आहे. पत्राला खास कारण म्हणशील तर काही नाही. बातमी कळवावी, एवढंच.

तुला वाटेल, काउंटी स्थापन होते म्हणजे काही मोठा सोहळा असेल. तसं काही नसतं. राजधानीत कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवून चौकोन आखतो आणि जेवायला जातो. खरी कटकट पुढे. त्या चौकोनाचं ठाणं कुठलं, हे ठरवायची वेळ आली की शेजारी शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही ओळख देईनासा होतो. आमच्या चौकोनात गावं दोनच. एक आमचं स्मिर्ना : एक दुकान, एक चर्च (सोमवार ते शुक्रवार तीच शाळा), माझी खानावळ आणि मातीच्या ढेकळांची पाच-सहा घरं. दुसरं ओढ्यापलीकडचं पॅरिस. नावावर जाऊ नकोस. पॅरिसात एक लोहार, चार घरं आणि एक विहीर, जिला पाणी सोडून सगळं लागलं. पण कचेरी ज्या गावाला, रस्ता त्या गावाला, उद्या आगगाडीही त्याच गावाला. जे गाव हरेल तिथे दोन वर्षांत चुली विझणार. म्हणजे पॅरिस जिंकलं असतं तर मला खानावळीला कुलूप घालून ओहायोला यावं लागलं असतं, तुझ्या माडीवरच्या खोलीत, सासूबाईंच्या भिंतीला भिंत लावून. (राग मानू नकोस. खोली चांगली आहे. भिंत पातळ आहे.)

पॅरिसचा लोहार हायरम स्प्रॅग हाच तिथला पुढारी. मान अशी नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. वसंतात त्यानं घरोघर फिरून एक नवीनच मुद्दा काढला. म्हणाला, ज्या गावाला थडगं नाही ते गाव नव्हे, तो मुक्काम. स्मिर्नात आजवर कुणी मेलं नाही, कारण मरेपर्यंत तिथे राहायची कुणाची तयारीच नाही. उलट पॅरिसच्या मातीत आमचं माणूस झोपलंय! आणि खरंच, पॅरिसच्या टेकाडावर कुंपण घातलेलं एक व्यवस्थित थडगं होतं. लोकांना ते पटायला लागलं. माणूस कुठला, तर जिथे त्याची माणसं पुरलेली तिथला, हे आपल्याकडेही म्हणतातच की.

आमचे कर्नल लायसँडर गोरहॅम यांना हे फार लागलं. (कर्नल कुठल्या पलटणीत होते हे आम्ही विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. दुकान त्यांचं आहे आणि कॉफी दुसरीकडे मिळत नाही.) त्यांनी गावामागची सगळ्यात सुरेख टेकडी दफनभूमी म्हणून सोडली. कुंपण घातलं, कॉटनवूडची रोपं लावली, ओमाहाहून लोखंडी कमान मागवली. उणीव राहिली एकाच गोष्टीची. गावातल्या सगळ्यात वयस्कर म्हणजे डॉर्कसआजी. कर्नल त्यांच्याकडे हल्ली फार प्रेमानं बघायला लागले, तब्येत विचारायला लागले. एक दिवस आजींनी भर चर्चमध्ये काठी उगारली. ‘‘लायसँडर, तुला पोचवल्याशिवाय मी जायची नाही, ही खूणगाठ बांधून ठेव!’’

अशात मे महिन्यात कोलोरॅडोला निघालेल्या गाड्यांच्या तांड्यानं एक माणूस आमच्याकडे उतरवला. उतरवला म्हणजे बाकीच्यांनी उचलून ठेवला. या गृहस्थांच्या खोकल्यानं तांड्यात कुणाला झोप नव्हती. नाव असाहेल पेटिबोन, राहणार पेनसिल्व्हेनिया, वय चाळिशीचं, बिनलग्नाचे. अंगावर मांस असं नाहीच, कोट खुंटीला टांगावा तसा खांद्याला टांगलेला. क्षय झालाय आणि पानगळ काही आपण पाहत नाही, हे त्यांनी इतक्या सभ्यपणे सांगितलं, जणू जेवायला थांबता येत नाही म्हणून माफी मागताहेत. कर्नल दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा असा काही उजळला की पहिलं नातवंड पाहणाऱ्या आजोबांचाही उजळत नाही.

‘‘पेटिबोनसाहेब,’’ कर्नलनी त्यांचा हात हातात घेतला, ‘‘कोलोरॅडो फार लांब आहे हो. वाटेत कुठेतरी, अनोळखी जागी... ना फुलं, ना पाटी. त्यापेक्षा आमच्याकडे का नाही?’’

आणि मग सगळा बेत सांगितला. टेकडीवरची सगळ्यात उंच जागा. झाडांची सावली (झाडं तेव्हा गुडघ्याएवढी होती). दगड कोरीव. वाजंत्री म्हणून दोन बिगुल आणि एक ढोल. आणि मुख्य म्हणजे अख्ख्या काउंटीतला पहिला मान! पेटिबोनांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे एकदा माझ्यासमोर बटाटे सोलताना म्हणाले, ‘‘व्हिटलॉकबाई, जन्मात मला कुणी कुठे पहिला बसवला नाही. शाळेत शेवटचा बाक, चर्चमध्ये खांबामागची जागा. आणि इथे बघा, दोन दोन बिगुल!’’ त्यांनी तिथल्या तिथे कर्नलना शब्द दिला, की मरेन तर स्मिर्नातच.

त्यांची राहायची सोय अर्थातच माझ्याकडे झाली. आता ताई, तू मला ओळखतेस. माणसाला अर्धपोटी वाढायला आईनं मला शिकवलंच नाही. मी आपलं सकाळी अंडी, मक्याची भाकरी, वर काकवी. दुपारी रानकोंबडीचा रस्सा. ताक मागतील तेवढं. संध्याकाळी वाळवलेल्या सफरचंदांचा भाजलेला गोड ‘पाय’. सुरुवातीला चिमणीसारखे टिपायचे. जून उजाडला तसे विहिरीपर्यंत चालायला लागले. मग माळावर जाऊन रानरेड्यांच्या गोवऱ्या वेचून आणायला लागले. (मी सांगितलं नव्हतं. फुकट बसून मरणं बरं दिसत नाही, म्हणाले.) ऑगस्टात त्यांच्या कोटाचं बटण लागेना. कर्नल रोज सकाळी खिडकीपाशी यायचे.

‘‘कसं काय आहे पाहुण्यांचं?’’

‘‘छान आहे.’’

‘‘अरेरे.’’

शेवटी एकदा स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं. ‘‘व्हिटलॉकबाई, लोणी जरा बेतानं वाढा.’’

मी म्हटलं, ‘‘कर्नलसाहेब, काउंटीच्या इतिहासात पहिली ओळ काय लिहायची आहे तुम्हाला? व्हिटलॉकबाईच्या खानावळीत माणूस उपाशी मेला?’’

‘‘उपाशी नको हो! पण थोडं... थोडं सहकार्य!’’

मला हसावं की लाटणं घ्यावं कळेना. पण त्यांना फार बोलताही येईना, कारण तोवर त्यांना स्वतःलाच पेटिबोनांची सवय लागली होती. रोज दुपारी दुकानातल्या पिंपावर दोघांचा सोंगट्यांचा डाव मांडलेला असायचा, आणि पेटिबोन रोज हरायचे. कर्नलना हरवणारे पुष्कळ होते, हरून वर ‘वा, काय चाल केलीत’ म्हणणारं माणूस पहिल्यांदाच मिळालं होतं.

पॅरिसला याचा वास लागल्याशिवाय कसा राहील? सप्टेंबरात एक दिवस मी धुणं वाळत घालत होते, एवढ्यात हायरम स्प्रॅग स्वतः टांगा घेऊन आला आणि ओट्यावर बसलेल्या पेटिबोनांना ‘चला, जरा हवा खाऊन येऊ’ म्हणून घेऊन गेला. माणूस पळवायचा असेल तर रात्री पळवावा, भर दुपारी धुण्यासमोरून नव्हे! मी हात पुसले, कर्नलची घोडी खोगीर न घालताच काढली (हे भावोजींना वाचून दाखवू नकोस) आणि ओढा ओलांडला. का गेले, असं विचारशील. गावाचा प्रश्न होता. आणि त्यांनी मफलर नेला नव्हता.

पॅरिसच्या टेकाडावर पोचले तर स्प्रॅगचं चाललेलं. ‘‘स्मिर्नावाले साधा दगड देतील. आम्ही संगमरवर देतो, संगमरवर! वर देवदूत!’’ पेटिबोन त्या कुंपणातल्या थडग्याकडे निरखून पाहत होते. बाजूला स्प्रॅगची बायको थँकफुल रानफुलं ठेवत होती आणि डोळे पुसत होती. गरीब बाई, नवऱ्याच्या दुप्पट काम करून निम्मं बोलणारी.

पेटिबोनांनी टोपी काढली. ‘‘बाई, आपलं कोण हो हे?’’

‘‘आमचा सॅमसन,’’ ती हुंदका देत म्हणाली. ‘‘इलिनॉयपासून आम्हाला ओढत आणलं बिचाऱ्यानं.’’

‘‘ओढत?’’ पेटिबोनांनी थडग्याची लांबीरुंदी पुन्हा न्याहाळली. ‘‘गृहस्थ फार उंच होते का?’’

‘‘थँकफुल, घरी जा!’’ स्प्रॅग ओरडला.

पण तिचा बांध फुटला होता. ‘‘उंच कसला हो! पण चार पायांचं माणूस आडवं झालं की जागा लागतेच की! असं खेचर पुन्हा व्हायचं नाही. हे लोकांना काहीही सांगू देत, मी त्याच्यासाठी खरंच रडते.’’

ताई, मी घोडीवरून पडायचीच राहिले. पॅरिसचं माणूस म्हणजे खेचर! एवढं एक वाक्य चव्हाट्यावर सांगितलं की पॅरिस खलास. स्प्रॅगचा चेहरा त्याच्या भट्टीसारखा लाल झाला होता. पण पेटिबोनांनी काय करावं? ते वाकले, तिच्या हातातलं एक फूल घेतलं आणि सॅमसनवर ठेवलं. म्हणाले, ‘‘बाई, माझ्यासाठी इतकं रडणारं कुणी नाही. तुमची गोष्ट माझ्याकडून बाहेर जायची नाही. आणि व्हिटलॉकबाईंकडूनही नाही.’’ माझ्याकडे बघून, माझ्या वतीनं! मला न विचारता! (आणि मी शब्द पाळला आहे. तुला सांगते आहे, पण तू ओहायोत आहेस. ओहायोला मतदान नव्हतं.)

येताना उत्तरेचा वारा सुटला आणि गारा कोसळल्या. माळावर आडोसा म्हणून कसला नाही. मी त्यांना घोडीवर बसवलं आणि स्वतः लगाम धरून चालले. घरी पोचेपर्यंत त्यांचे दात वाजत होते, आणि दुसऱ्या दिवशी ताप चढला. असा तापानं फणफणलेला माणूस मी माझ्या जोसायानंतर पाहिला नव्हता. जोसाया गेला तेव्हा तू माझ्याजवळ होतीस. या वेळी कुणी नव्हतं. मी मोहरीचे पोटीस लावत होते, कांद्याचा काढा देत होते, आणि गुरांना सुद्धा बोलत नाही असं त्यांना बोलत होते : ‘‘खबरदार मेलात तर. एवढं लोणी काय फुकट घातलं का मी?’’ ते डोळे मिटूनच म्हणायचे, ‘‘नाही बाई.’’

दुपारी कर्नल आले. हातात सुताराची माप घ्यायची फीत. मी ती पाहिली मात्र, लाटणं उचललं.

‘‘बाहेर व्हा.’’

कर्नलनी हातातल्या फितीकडे असं पाहिलं, जणू ती कुणी दुसऱ्यानंच त्यांच्या हातात ठेवली आहे. मग चुलीजवळच्या बाकावर मटकन बसले, आणि ताई, एवढा मोठा मिशीवाला माणूस हुंदके द्यायला लागला. ‘‘व्हिटलॉकबाई, काहीही करा, पण याला जाऊ देऊ नका. गेलं खड्ड्यात ते ठाणं.’’ मी म्हटलं, ‘‘खड्डा हा शब्द आज या घरात काढायचा नाही. पाणी भरून आणा.’’ त्यांनी आणलं. दिवसभर कर्नल गोरहॅम माझ्याकडे पाणक्याचं काम करत होते. ताप उतरला तेव्हा पेटिबोनांनी पहिला प्रश्न विचारला, की सफरचंदांचा ‘पाय’ शिल्लक आहे का. होता. मी ओसरीवर जाऊन तोंडाला पदर लावून... (पदर नाही, ॲप्रन.) असो.

मतदान ऑक्टोबरात ओढ्याकाठी झालं. आम्हा बायकांना मत नाही हे तुला ठाऊकच आहे. पण ज्यांना मत आहे त्यांना जेवायला आम्हीच घालतो, त्यामुळे तिथे सगळ्या होत्या. हायरम स्प्रॅग आधी बोलला. पुन्हा तेच, पॅरिसच्या मातीत आमचं माणूस! थँकफुल खाली बघत होती. आमच्या कर्नलना तर बोलायला काही उरलंच नव्हतं. टेकडी रिकामी, मुद्दा रिकामा. मग पेटिबोन आपणहून पिंपावर चढले. मला वाटलं, आता हे खेचराची गोष्ट बाहेर काढतात. स्प्रॅगलाही तेच वाटलं असणार, कारण तो आधीच ओरडला, ‘‘याचं काय ऐकता? हा लबाड आहे! मे महिन्यात मरायला आला आणि बघा, डुकरासारखा माजलाय!’’

पेटिबोन पिंपावर, नवीन बटणं लावलेल्या कोटात (मी लावली), गाल लालबुंद.

‘‘स्प्रॅगसाहेबांचं खरं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘मी मरायलाच आलो होतो. मनापासून आलो होतो. कर्नलनी उत्तम जागा दिली. पण व्हिटलॉकबाईंनी मला त्यासाठी सवडच दिली नाही. तरी घाबरू नका, मी शब्दाचा पक्का आहे. मरेन तर स्मिर्नातच. तारीख तेवढी मी दिलेली नाही.’’

आधी डॉर्कसआजी हसल्या, मग सगळा ओढाकाठ. आणि आमच्या कर्नलना, ताई, काय सुचलं असेल! ते गाडीवर उडी मारून गरजले, ‘‘ऐका मंडळी! पॅरिसात माणसं मरतात! आमच्याकडे मरायला आलेला माणूससुद्धा मरत नाही! मुलाबाळांना घेऊन कुठे राहायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा!’’ पॅरिसच्या दोन-तीन बायका कडेवर शेंबडी मुलं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आपापल्या नवऱ्यांकडे वळून फक्त बघितलं. तेवढं पुरलं. स्मिर्ना जिंकलं, आणि फरक थोडाथोडका नव्हता.

कचेरीला जागा हवी होती, आणि कुंपण, झाडं, कमान असं सगळं तयार एकाच ठिकाणी होतं. तेव्हा लॅथम काउंटीची कचेरी आता टेकडीवर उभी राहते आहे. कमान बदलणं परवडत नाही म्हणून तीच ठेवली. त्यामुळे आमचे न्यायाधीश, शेरीफ आणि कारकून रोज सकाळी ‘श्रमलेल्यांनो, येथे चिरविश्रांती घ्या’ या अक्षरांखालून कामावर जातात. कारकुनानं तर ते मनावरच घेतलं आहे. आणि स्प्रॅगला शेरीफ कर्नलनीच नेमवला, भांडण मिटावं म्हणून. थँकफुल मला जंगली प्लमचा मुरंबा पाठवते.

तर अशी सगळी हकिगत. कळावे, लोभ आहेच, तो तुझ्या फटकळ बहिणीवर आणखी थोडा वाढव.

तुझी,
ऑर्फा

ता. क. : पत्राला कारण नाही असं वर लिहिलं, तेवढं खोटं आहे. तू उद्याच्या उद्या पाद्रीबाबांना घेऊन आपल्या चर्चमागे जा आणि जोसाया तिथे आहे असा त्यांच्या सहीचा दाखला पाठव. आमचा कारकून म्हणतो, विधवेला लग्नाचा परवाना द्यायचा तर पहिल्या नवऱ्याचं थडगं असल्याचा पुरावा हवा. मी म्हटलं, मेल्या, ज्या काउंटीला स्वतःचं थडगं जमलं नाही ती मला पुरावा मागते? पण नियम म्हणजे नियम. जोसायाला माझा नमस्कार सांग आणि त्याच्यासाठी ॲस्टरची चार फुलं घेऊन जा. तो रागावणार नाही. त्याला मी एकटी जेवलेली कधीच आवडायची नाही.

दुसरा ता. क. : हे आत्ता खांद्यावरून वाचताहेत आणि म्हणतात की खरं ते सगळं लिही. (‘हे’ कोण, ते आता विचारू नकोस.) तर खरं असं की, मागच्या आठवड्यात वाटेनं जाणाऱ्या एका डॉक्टरांनी यांची छाती तपासली. क्षय नव्हताच. हे पंधरा वर्षं पिठाच्या गिरणीत होते, ते पीठ छातीत बसलं होतं. गिरणी सुटली, खोकला सुटला. म्हणजे स्मिर्नाच्या हवेचा त्यात काही संबंध नाही, आणि माझ्या लोण्याचा थोडाच. हे कर्नलना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी हवेची जाहिरात ओहायोच्या वर्तमानपत्रांत दिली आहे. वाचलीस तर हसू नकोस, आणि कुणी खोकणारं असेल तर बिनधास्त पाठव. एक खोली आता लवकरच रिकामी होईल.

तिसरा ता. क. : दाखला कृपा करून उलट टपाली पाठव. काउंटीतलं पहिलं लग्न आपल्याकडे होतं असं कळल्यापासून पॅरिसवाले पेटले आहेत. त्यांना नवरी मिळाली आहे. नवरा शोधताहेत.